कोपरा फाटलेलं पोस्टकार्ड

आजची पोस्ट जरा लांब आहे. दोन घोट चहा घेत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडं एक काम मागणार आहे.

मागच्या दिवाळीच्या आधी जिंतूर तालुक्यातल्या माझ्या आजोळी जुन्या घराची साफसफाई निघाली. घर पाडून नवं बांधायचं होतं. माळवदाच्या खोलीत खुंटीला एक गंजलेली तार टांगलेली होती. तिच्यात खालपासून वरपर्यंत कागद ओवलेले. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना ही तार आठवत असेल. आलेलं पत्र वाचून झालं की घरातलं मोठं माणूस ते तारेत ओवायचं. वरचं पत्र नवं, खालचं जुनं. हेच आपलं इनबॉक्स.

मामेभावानं रद्दीवाल्याला बोलावलं होतं. मी सहज म्हणून तार हातात घेतली. सगळ्यात खाली एक तपकिरी पडलेलं कार्ड होतं. उजव्या कोपऱ्यात राणी व्हिक्टोरियाचं तोंड, वर इंग्रजीत 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड', आणि या बाजूला फक्त पत्ता लिहावा अशी सूचना. दोन शिक्के होते, एक इंग्रजी, एक उर्दू. मजकूर मोडीत, म्हणजे मला काळं अक्षर भैंस बराबर. आणि कार्डाचा एक कोपरा फाटलेला.

मला वाटलं, उंदरानं कुरतडला असेल. त्या कोपऱ्याकडं शेवटी येऊ.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण आहे. ज्या राणीचं तोंड त्या कार्डावर आहे, तिच्याच काळात १८९८ साली केलेल्या टपाल कायद्यावर आपल्या देशाचं पोस्ट परवापरवापर्यंत चालू होतं. १८ जून २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला. २०२५ साली रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवाही राहिली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली. ज्या 'रजिस्टर'च्या नावानं गावातल्या भल्याभल्यांच्या पोटात गोळा यायचा, ते नावच आता इतिहासात गेलं. एक काळ आपल्या डोळ्यांदेखत संपला आणि आपण त्याचं साधं कार्यही केलं नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी इंग्लंडात काय होतं?

आपल्याला वाटतं, इंग्रजांकडं सगळं पहिल्यापासून व्यवस्थित होतं. तसं काही नव्हतं. १८४० च्या आधी तिकडं पत्राचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा भरायचा. तेही अंतर किती आणि कागद किती, यावर. लंडनहून एडिंबरोला एका कागदाच्या पत्राला एक शिलिंगाच्या वर पडायचं. मजुराच्या दिवसभराच्या कमाईचा मोठा भाग एका पत्रात जायचा.

मग लोक काय करायचे? एकाच कागदावर आधी आडवं लिहायचे, मग तोच कागद फिरवून त्याच ओळींवरून उभं लिहायचे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा, पण एका कागदाचे पैसे वाचले. आणखी एक युक्ती होती. पाकिटावर बाहेरच एखादी ठरलेली खूण करायची. पोस्टमन दारात आला की घेणाऱ्यानं खूण बघायची, 'पोरगा सुखरूप आहे' एवढं कळलं की पत्र न घेता परत करायचं. पैसे शून्य! आपण दहा-पंधरा वर्षांपूर्वी मिस्ड कॉल देऊन हेच करत होतो की नाही?

रोलंड हिल नावाच्या माणसानं १८३७ साली एक पुस्तिका काढून सांगितलं, की पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च फार थोडा आहे. मोठा खर्च होतो तो प्रत्येक पत्राचा हिशोब करण्यात आणि दारोदार पैसे गोळा करण्यात. तेव्हा पाठवणाऱ्यानं आधी पैसे भरावेत, दर वजनावर असावा, आणि अंतर कितीही असो, दर एकच असावा. मे १८४० मध्ये राणीचं चित्र असलेलं एक पेनीचं काळं तिकीट निघालं. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमध्ये साडेसात कोटींच्या आसपास पत्रं गेली होती. १८४० साली ती सतरा कोटींजवळ पोहोचली. म्हणजे लोकांना लिहायचं होतंच, परवडत नव्हतं.

माझ्या मते या सगळ्यातली मोठी गोष्ट तिकीट नाही. मोठी गोष्ट आहे 'एकच दर'. लांबच्या, आडबाजूच्या, गरीब माणसाकडून त्याच्या लांब असण्याचा दंड घ्यायचा नाही, हे तत्त्व. आपल्या मराठवाड्याला या तत्त्वाची किंमत वेगळी सांगायला नको.

मग हिंदुस्थानात

१८५२ साली सिंधमध्ये बार्टल फ्रिअरनं पहिली तिकिटं काढली. १ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या ब्रिटिश मुलखाला एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. त्याआधी कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाच्या पत्राला रुपया पडायचा. ज्यानं तिकीट लावलं नाही, त्याचं पत्र 'बैरंग', घेणाऱ्यानं दुप्पट भरायचं. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं पोस्टकार्ड आलं. १८८० पासून पोस्टानं मनिऑर्डर सुरू केली, १८८२ पासून बचत खातं. एका पैशात कार्ड म्हटल्यावर गावोगाव पत्रांचा पाऊसच पडला.

पण थांबा. हे सगळं ब्रिटिश मुलखात. आपण होतो कुठं? निजामाच्या राज्यात.

आपली दोन पोस्टं

निजामाच्या हैदराबाद संस्थानचं स्वतःचं टपाल खातं होतं. पहिला सालारजंग दिवाण असताना, १८६९ साली, संस्थानचं पहिलं तिकीट निघालं. पुढच्या तिकिटांवर उर्दू-फारसीबरोबर देवनागरी आणि तेलुगू अक्षरंही होती, कारण राज्यात मराठी बोलणारे आपण होतो आणि तेलुगू बोलणारा तेलंगणा होता. राणीच्या राज्यातल्या तिकिटावर राणीचं तोंड, निजामाच्या तिकिटावर माणसाचं चित्र नाही, फक्त सुंदर अक्षरं. जुनी तिकिटं जमवणारे लोक आजही ती जपून ठेवतात.

अडचण एकच होती. निजामाचं तिकीट फक्त निजामाच्या राज्यात चालायचं. परभणीहून हैदराबादला, औरंगाबादला, बीडला लिहायचं तर हे तिकीट. पुण्याला, मुंबईला लिहायचं तर ब्रिटिश पोस्टाचं. आणि आपल्या भागाची सोयरीक तर दोन्हीकडं! तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, ती वेगळी झाली १९९९ ला. तिच्या वरच्या अंगाला पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडं वऱ्हाड. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडं. म्हणजे लेक दिली पलीकडच्या वाशीम भागात, माहेर अलीकडं जिंतूरला, अंतर बैलगाडीनं दोन-तीन मुक्कामांचं, पण मधे दोन सरकारं, दोन खाती, दोन शिक्के. आता कळलं ना, माझ्या हातातल्या कार्डावर इंग्रजी आणि उर्दू असे दोन शिक्के का होते?

पत्र यायचं हरकाऱ्याच्या पाठीवरून. हातात घुंगरांची काठी किंवा भाला, पाठीवर थैली, ठरलेल्या टप्प्यापर्यंत पळायचं आणि थैली पुढच्याच्या हाती द्यायची. पावसाळ्यात पैनगंगा, पूर्णा, दुधना, गोदावरी भरल्या की थैली अलीकडच्या तीरावर. परभणीला रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज. राणी व्हिक्टोरिया वारली २२ जानेवारी १९०१ ला. म्हणजे इंग्लंडात ज्याला 'व्हिक्टोरियन काळ' म्हणतात, तो जवळजवळ सगळा आपण घुंगरांच्या आवाजावरच काढला. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' उगाच म्हणत नाहीत!

मायना चुकला की संपलं

इंग्रज लोक त्या काळात पत्राच्या रीतीभातीला फार जपायचे. कुणाला काय म्हणून संबोधायचं, शेवटी सही कशी करायची, लाख कोणत्या रंगाची लावायची, याची पुस्तकं निघायची. घरात कुणी वारलं की पत्राच्या कागदाला आणि पाकिटाला काळी किनार. डिसेंबर १८६१ मध्ये राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला, त्यानंतर राणीनं मरेपर्यंत, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं, काळ्या किनारीचा कागद सोडला नाही.

पण रीतीभातीत आपण त्यांना हार जाणार नाही. चांगदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ज्ञानेश्वर वयानं लहान, ज्ञानानं मोठे. 'चिरंजीव' लिहावं की 'तीर्थरूप', हे चांगदेवांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणजे 'चांगदेव पासष्टी'. मायना अडला म्हणून पत्र कोरं राहिलं, अशी गोष्ट ज्या भाषेत सांगितली जाते, त्या भाषेतल्या माणसांना पत्राची रीत काय शिकवायची?

वर 'श्री'. वडिलांना 'तीर्थरूप', मुलाला 'चिरंजीव', मानाच्या माणसाला 'राजमान्य राजश्री'. मग 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. मग इकडील खुशाली, तिकडील खुशालीची विचारणा, लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, गाई-म्हशींची चौकशी, पाऊसपाणी. आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. खरं काम असायचं मधल्या दोन ओळींत. आजच्या पोरांना वाटेल, काय हा फापटपसारा! पण विचार करा, पत्र वाचणारा एक आणि ऐकणारे दहा असत. त्या दहांपैकी प्रत्येकाला पत्रात आपलं नाव यायला हवं असायचं. आजी कान देऊन बसलेली असायची, 'मला काय लिहिलंय?'

एक शब्द तर पोस्टानं आपल्या नावालाच चिकटवून दिला. 'मु. पो.' मुक्काम एक आणि पोस्ट दुसरं, कारण पोस्ट प्रत्येक गावाला नव्हतं. आजही आधार कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत आपण 'मु. पो.' लिहितो. हरकारा गेला, राणी गेली, निजाम गेला. 'मु. पो.' राहिलं.

पोस्टातला एक कारकून

पत्रानं काय होऊ शकतं, याचं आपल्या मराठी मुलखातलं सगळ्यात मोठं उदाहरण एका पोस्टाच्या कारकुनाचंच आहे. गोपाळराव जोशी. नोकरी टपाल खात्यात, बदल्या गावोगाव. बायकोला शिकवायचं वेड. त्यांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं. ते पत्र तिकडच्या एका मासिकात १८८० साली छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडं नंबर यायची वाट बघत असताना ते वाचलं, आणि ओळख ना पाळख, त्यांनी इकडं पत्र टाकलं. आनंदीबाई आणि कार्पेंटरबाई यांची पत्रं अशी सुरू झाली. एक पत्र जायला-यायला महिने लागायचे, तरी त्या एकमेकींच्या मावशी-भाची झाल्या.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या याच मावशीच्या भरवशावर. मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा खुद्द राणी व्हिक्टोरियाचा अभिनंदनाचा निरोप आला. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांची रक्षाही गेली ती कार्पेंटरबाईंकडंच.

हे आज आपल्याला एवढं बारकाईनं का माहीत आहे? कारण पत्रं जपली गेली. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं ते त्या पत्रांच्या आधारानं. सावित्रीबाई फुल्यांची जोतिरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ ची तीन पत्रं आज आपण अभिमानानं वाचतो. शेवटच्या पत्रात जुन्नर भागातल्या दुष्काळाची हकिकत आहे. ती पत्रं कुणी रद्दीत घातली असती तर? त्या दुष्काळाचे सरकारी आकडे तेवढे उरले असते. बाईच्या नजरेतून दिसलेला दुष्काळ उरला नसता.

आपल्या जिल्ह्याचं काय?

आता मुद्द्यावर येतो. १९०१ च्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात तीनच्या आसपास होती. बायकांचा आकडा तर हजारात मोजावा असा. म्हणजे पत्र लिहिणारा कुणी एक कुलकर्णी, मास्तर किंवा वाणी, आणि सांगणारं सगळं गाव. ज्यांच्या वाड्यावर-वस्तीवर लिहिणाराच नव्हता, ज्यांना लिहिणाऱ्याच्या ओसरीवर चढायचीही मुभा नव्हती, त्यांचं सुखदुःख कागदावर आलंच नाही. हे मान्य करूनच पुढं जायला पाहिजे. जे थोडं उरलंय ते सगळ्यांचं नाही. पण जे आहे, ते तरी ठेवा.

कारण आपल्या जिल्ह्याचा तेव्हाचा सरकारी कागद कुठं आहे? हैदराबादच्या दफ्तरात. भाषा कुठली? आधी फारसी, मग उर्दू. पुण्याच्या माणसाला पेशवे दफ्तर मराठीत मिळतं. आपल्या आजा-पणज्यांनी मराठीत काय लिहिलं, ते सरकारात फार थोडं सापडेल. ते आहे आपल्या माळवदावर, पत्र्याच्या पेटीत, गंजलेल्या तारेत. आणि तेही मोडीत. गेल्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेली. आज घरातलं पत्र घरातल्याच माणसाला वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून किंमत वाटत नाही, आणि किंमत वाटत नाही म्हणून रद्दीवाला.

१८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आपल्या भागानं सोसला. रझाकारांच्या धामधुमीत लोक घरं सोडून वऱ्हाडात गेले. त्या काळातली पत्रं कुणाच्या तरी तारेत असतील. किती पाडलेल्या वाड्यांबरोबर गेली, देव जाणे.

तो कोपरा

मी ते कार्ड नांदेडच्या मोडी जाणणाऱ्या एका मित्राकडं नेलं. त्यानं बघताच विचारलं, "कोपरा कुणी फाडला?" मी म्हणालो, उंदरानं. तो म्हणाला, "उंदीर नाही. वर 'श्री' पण नाही, बघ."

आपल्याकडं रीत होती. वाईट बातमीच्या पत्रावर 'श्री' घालायचा नाही आणि कोपरा फाडायचा. म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही हातात घेताक्षणी कळावं. इंग्रजांची काळी किनार, आपला फाटका कोपरा.

कार्ड शके १८१६ चं, म्हणजे १८९४ चं. श्रावणातलं. पलीकडून वऱ्हाडातल्या व्याह्यांनी माझ्या आईच्या पणजोबांना लिहिलेलं. अकरा ओळी. त्यातल्या सात नमस्काराच्या आणि मानाच्या. मग एवढंच, की तुमची मुलगी बाळंतपणात गेली, मूल आहे. आणि त्याखाली, पैनगंगेला पाणी आहे, आपण निघू नये.

मित्रानं वाचून दाखवलं आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

अशी पत्रं घरात ठेवत नसत. वाचून लगेच फाडून टाकायची, ही रीत. तरी कुणीतरी हे कार्ड फाडलं नाही. तारेत ओवलं आणि एकशे तीस वर्षं ते तिथं राहिलं. ती मुलगी कोण, तिचं नाव काय, कार्डात नाही. 'आपली कन्या' एवढंच. आमच्या घराण्याच्या वंशावळीत तर मुलींची नावंच नाहीत. ती होती, एवढं सांगणारा जगात हा एकच कागद. एका पैशाचा.

आणि तो रद्दीत चालला होता.

तुमच्याकडं मागणं

१. दिवाळीची, लग्नाची, घरपाडीची साफसफाई निघाली की जुनी पत्रं, कार्डं, पाकिटं बाजूला काढा. वाचता येत नसली तरी.

२. तिकिटं कापून काढू नका. कार्डावर, पाकिटावर तिकीट आणि शिक्का जसाच्या तसा असेल तरच त्याला अर्थ. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको.

३. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. कुणाचं घर, कुठं सापडलं, हे त्याच वेळी लिहून ठेवा. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

४. मोडी शिका. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. जिल्ह्यातली दहा पोरं शिकली तरी शेकडो घरांच्या तारा वाचून होतील.

५. आपल्या कॉलेजांनी, वाचनालयांनी आणि नांदेडच्या विद्यापीठानं या पत्रांसाठी निदान एक कपाट ठेवावं, फोटो काढून मूळ कागद घरच्यांना परत द्यावा. हे काम कोटींचं नाही. आपण मागितलं तर होईल. पुतळे आणि कमानी मागतो तसं एकदा हेही मागून बघू.

पत्र गेलं म्हणून मी रडत बसणार नाही. व्हॉट्सअॅपवर लेक रोज दिसते, बोलते. १८९४ च्या त्या बापाला हे मिळालं असतं तर त्यानं काय दिलं नसतं? पण फोन बदलला की आपले मेसेजही जातात. त्या कार्डानं पूर, दुष्काळ, निजाम, रझाकार सगळं काढलं. पुढच्या दिवाळीला ते रद्दीवाल्याच्या काट्यावर जाऊ नये, एवढंच.

तुमच्या घरी तार असेल तर कमेंटमध्ये गाव सांगा. मोडी वाचणारा मित्र तयार आहे.

कळावे, लोभ असावा.